शब्दचर्चा : ‘परवानगी नाही’ आणि ‘मनाई’

प्रश्न : कार्यालयातील सामायिक फोल्डरांविषयी मी मराठीत सूचनापत्रक लिहीत आहे. विंडोजमध्ये प्रत्येक गटापुढे ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ अशा दोन चौकटी असतात. दुसरीला मी ‘परवानगी नाही’ म्हटले. ते वाचून एका सहकाऱ्याने ‘एव्हरीवन’ या गटापुढे तीच खूण केली आणि लेखापालांसह सगळेच बाहेर राहिले. कारण निरनिराळ्या गटांतून मिळालेल्या परवानग्यांची बेरीज होत असली, तरी त्याच फोल्डरवर थेट दिलेला एक नकार त्या साऱ्या बेरजेवर मात करतो. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद १ : ‘मनाई’. परवानगी न देणे हे मौन आहे, मनाई हा हुकूम आहे. न्यायालयाचा ‘मनाई हुकूम’ सर्वांच्या परिचयाचा आहेच.

प्रतिसाद २ : परवानगी फारसी, मनाईचे मूळ अरबी. ‘अनुमती’ आणि ‘प्रतिबंध’ घेतल्यास ‘अनुमत’, ‘प्रतिबंधित’ ही रूपे सहज साधतात.

प्रतिसाद ३ : शतकानुशतके मराठीत नांदलेल्या शब्दांना परके ठरवणे मला पटत नाही. माझी आजी म्हणे की परवानगी मागावी लागते, मुभा आधीच दिलेली असते. ‘मुभा’ही अरबी ‘मुबाह’वरून आला, पण ही छटा ‘अनुमती’त कुठे आहे?

प्रतिसाद ४ : लिनक्स या संगणकप्रणालीत परवानगी दाखवणाऱ्या ‘एक्स’ या अक्षराचे काय? फाइलसाठी त्याचा अर्थ ‘चालवणे’. फोल्डरसाठी मात्र त्यातून पुढे जाता येणे. ७११ असे अधिकार ठेवले, म्हणजे मालकाला सर्व आणि इतरांना फक्त ‘एक्स’ दिला, तर इतरांना आतली यादी दिसत नाही, परंतु नाव ठाऊक असलेल्या फाइलपर्यंत पोहोचता येते. शेजाऱ्याच्या शेतातून वाट आहे, त्याच्या पिकावर हक्क नाही, अशीच ही स्थिती असल्याने मी ‘वहिवाट’ सुचवतो.

प्रतिसाद ५ : वहिवाट वर्षानुवर्षांच्या वापराने सिद्ध होते. येथे व्यवस्थापक एका आज्ञेने हक्क देतो आणि दुसऱ्या आज्ञेने काढून घेतो. ‘ये-जा’ पुरेसे आहे.

प्रतिसाद ४ : ‘ये-जा’ ही क्रिया झाली, हक्क नव्हे. ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणताना शेतकऱ्याच्या मनात हक्कच असतो.

प्रश्नकर्ता : पत्रकात ‘मनाई’ लिहिले आहे. मात्र वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेली मनाई खालच्या फोल्डरवर थेट दिलेल्या परवानगीपुढे टिकत नाही. तिलाही मनाईच म्हणावे काय?