मदत हवी आहे: डायलिसिसवर असलेल्या वडिलांना हिपॅटायटिस सी, कोल्हापुरात पुढची सोय कुठे?

वडील ६२ वर्षांचे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, महात्मा फुले योजनेतून. आम्ही कागलहून येतो. फेब्रुवारीत अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची रक्ततपासणी) निगेटिव्ह होती, गेल्या आठवड्यात पॉझिटिव्ह आली. मधे रक्त चढवलेलं नाही, ऑपरेशनही नाही. सेंटरने सांगितलं, वेगळं मशीन नाही, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा.

व्हायरल लोडसाठी (रक्तात विषाणू किती आहे ते बघायला) रक्त दिलंय, रिपोर्ट शुक्रवारी येईल. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. किडनीचे डॉक्टर म्हणाले, सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिर हे सी वरचं औषध १२ आठवडे, डायलिसिसवरही चालतं. वेगळं मशीन हिपॅटायटिस बी साठी लागतंच. सी साठी ग्लोव्हज दर पेशंटला बदलणं, इंजेक्शनची स्वच्छता जास्त महत्त्वाची. पण वाद घालत बसलो तर डायलिसिस चुकेल, ते परवडणारं नाही. तिथल्या सिस्टर जीव लावून करतात, त्यांचीही तपासणी व्हावी असं मनापासून वाटतं, कारण सी वर लस नाही.

बाहेरून औषध घेणं आम्हाला झेपणार नाही. पुणे-मुंबईही शक्य नाही.

२०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमातलं मोफत औषध कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मिळतं का, कुठल्या विभागात जायचं, कागदपत्रं कोणती? आणि कोल्हापूर, इचलकरंजी किंवा गडहिंग्लजमध्ये सी पॉझिटिव्ह पेशंटला योजनेतून घेणारं डायलिसिस सेंटर कोणतं?