मदत हवी आहे : 'हसाजी' हे बेने इस्रायली आडनाव – मूळ गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांसाठी विचारतोय. बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब, साठच्या दशकात इस्रायलला गेलं. थोरल्या काकू अजून फोनवर अस्सल कुलाबी मराठीत बोलतात. आडनाव लावतात 'हसाजी'. नातवंडांना आता त्याचा अर्थ आणि आपलं मूळ गाव हवं आहे.

अर्थ बऱ्यापैकी लागतो. हिब्रू नावांना कोकणात मराठी वळण मिळालं : मोशेचा मुसाजी, इसाकचा इसाजी, शमुवेलचा समाजी. तसाच यहेज्केलचा हसाजी. सर्वांत ठळक दाखला समाजी हसाजी दिवेकर यांचा. कंपनी सरकारच्या फौजेतले हे अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. इंग्रजी कागदांत तेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर. म्हणजे 'हसाजी' हे बापाचं नाव आणि 'दिवेकर' हे गावावरून आलेलं आडनाव. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहिमकर, तसंच.

पुढे शाळा-कचेऱ्यांच्या कागदांत अनेक घरांचं 'कर' गळलं आणि बापाचं किंवा आजोबाचं नावच आडनाव होऊन बसलं. कवी निस्सीम एझिकेल यांचे वडील मोझेस एझिकेल. तिथेही आडनाव म्हणजे पूर्वजाचं नावच. पण बहुतेकांनी इंग्रजी रूप धरलं. मराठी रूप आडनाव म्हणून टिकवलेलं मी या एकाच घरात पाहिलंय, आणि म्हणूनच ते असं निनावी गावाचं राहू नये असं फार वाटतं.

काकूंनी एका मोडी खरेदीखताचा फोटो पाठवला आहे. 'मुसाजी बिन हसाजी शनवार तेली' इथपर्यंत स्वच्छ लागतं ('बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा; तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून बेने इस्रायलींना 'शनवार तेली' म्हणत). पुढे 'मौजे' आणि नेमकी तिथेच कसर लागली आहे. शेवटचं अक्षर 'ली' किंवा 'ळी' वाटतं. खाली साक्षीदारांच्या नावांपुढे मात्र गावं नाहीत, नुसत्या निशाण्या आहेत. नांगराची निशाणी दोनदा आहे.

तर विचारायचं असं :

रायगडातली मोडी खतं वाचणाऱ्यांनो, शनवार तेल्यांच्या नोंदीत जातीपुढे 'कर' आडनावही लिहिलेलं कधी आढळलं का? की फक्त 'बिन' लावून बापाचं नाव आणि गाव?

नवगाव किंवा आसपासच्या बेने इस्रायली दफनभूमीतल्या दगडांचे फोटो कुणाकडे आहेत का? मराठी-हिब्रू दोन्ही मजकूर असेल तर 'बेन यहेज्केल' (यहेज्केलचा मुलगा) आणि 'हसाजी' एकाच दगडावर सापडू शकतील.

आणि तुमच्या ओळखीत कुणी 'हसाजी' लावणारे असतील, तर त्यांचं जुनं 'कर' आडनाव विचाराल का? खाजगी तपशील इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काकूंचं वय पाहता जरा घाई आहे.