अंधांसाठीच्या सरकारी कार्यालयाचा प्रमुख अंधच असावा का? निवेदन लिहायचंय, मदत हवी

रामबागची_ताई

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. माझ्या धाकट्या भावाला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं गेलं, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. बँकेत आहे, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सगळं काम करतो. त्याच्या ओळखीतली काही अंध मुलं आणि त्यांचे पालक मिळून भोपाळला एक निवेदन पाठवणार आहेत. दिव्यांगांसाठीची सरकारी कार्यालयं आणि प्रशिक्षण केंद्रं यांच्या प्रमुखपदी माणूस नेमताना काय बघावं, हा विषय. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

भाऊ म्हणतो, "ताई, एकच ओळ लिही. प्रमुख अंध पाहिजे." बाबा स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, फाईल हलवणारा माणूस पाहिजे, त्याला दिसो न दिसो. रोज रात्री जेवताना हाच वाद.

निमित्त सांगते. मध्यंतरी एका कार्यालयानं अंध व्यक्ती आणि त्यांच्या पालकांची बैठक बोलावली. निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, म्हणजे छापील पत्राचा फोटो आला, जरा तिरका काढलेला, खाली गोल शिक्का. भावाचा फोन "इमेज" म्हणाला आणि गप्प बसला. संध्याकाळी मी घरी आल्यावर त्यानं मला वाचायला दिलं. बैठक त्याच दिवशी सकाळी होऊन गेली होती. पत्र काढणाऱ्या साहेबांना मी नंतर भेटले. सज्जन गृहस्थ, आपलेपणानं बोलले. ज्यांना बोलावतोय त्यांना हे वाचता येणार नाही, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

तर कायदा काय म्हणतो? आणि प्रमुख अंध असल्यामुळे खरोखर फरक पडला, अशी उदाहरणं आहेत का?

---

ऑपरेटर_काका

ताई, मी जन्मांध. सरकारी खात्यात टेलिफोन ऑपरेटर होतो, आता निवृत्त. राहतो लोकमान्य नगरला. तुमच्या भावाचं म्हणणं मला पोटातून पटतं, पण निवेदनात ती एकच ओळ नका लिहू. का ते सांगतो.

आधी कायदा. २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा बघा. कलम ७४ प्रमाणे दिल्लीत मुख्य आयुक्त असतात आणि त्यांच्या मदतीला दोन आयुक्त, त्यांतला एक दिव्यांग असलाच पाहिजे. राज्याच्या आयुक्ताचं कलम ७९. तिथे दिव्यांग असण्याची अट नाही, पुनर्वसनाच्या विषयातलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा एवढंच. म्हणजे "अंधच हवा" असं लिहिलंत तर कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून एका ओळीत उत्तर येईल आणि फाईल बंद. "अनुभव म्हणजे नक्की काय धरता?" असं विचारलंत तर मात्र उत्तर द्यावंच लागेल.

आता उदाहरण. अमेरिकेत आयोवा म्हणून राज्य आहे. तिथल्या अंधांसाठीच्या सरकारी आयोगाचे संचालक म्हणून १९५८ मध्ये केनेथ जर्निगन आले. तेही जन्मांध. तोवर त्या आयोगाचं काम फारच मागासलेलं समजलं जायचं. दहा वर्षांत, १९६८ ला, राष्ट्राध्यक्षांकडून गौरव झाला. केलं काय त्यांनी? शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला लांब काठी घेऊन रस्त्यावर काढलं. ब्रेल, टायपिंग, स्वयंपाक, विजेच्या करवतीवर लाकूडकाम, सगळं शिकवलं. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवलं, म्हणजे उरलेल्या नजरेच्या भरवशावर अर्धवट शिकणं नको. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: डोळस कर्मचाऱ्यांनाही पट्टी बांधून तेच शिक्षण घ्यायला लावलं. जो शिक्षक स्वतः डोळे बांधून, काठीच्या टोकानं कडा चाचपत रहदारीचा चौक ओलांडून आलाय, तो पोराला "तू इथेच बस, मी आणून देतो" असं म्हणणार नाही. आमच्या पिढीला सगळ्यात जास्त ऐकायला मिळालेलं वाक्य हेच. प्रेमानंच म्हणायचे, पण त्यानं माणूस खुर्चीला चिकटतो.

आपल्याकडेही आहे. डेहराडूनची दृष्टिहीनांसाठीची आजची राष्ट्रीय संस्था सुरू झाली ती १९४३ मध्ये, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचं वसतिगृह म्हणून. त्याची धुरा होती क्लुथा मॅकेन्झी यांच्याकडे. न्यूझीलंडचा माणूस, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला डोळे गेलेला. स्वतः त्यातून उठलेल्या माणसानं त्या जवानांना उभं केलं. पुढे १९५० मध्ये भारत सरकारनं तिथे प्रौढ अंधांचं प्रशिक्षण सुरू केलं.

माझं म्हणणं एवढंच की, प्रमुखाच्या मनात अंध माणूस काय काय करू शकतो याची मर्यादा कुठे आहे, ते आधी बघा. अभ्यासक्रम, बजेट, कुणाला कामावर घ्यायचं, सगळं त्या मर्यादेपाशी येऊन थांबतं.

---

सुदामानगर_६७

काकांना नमस्कार. मी विशेष शिक्षिका आहे, अंध मुलांना शिकवते. थोडी वेगळी बाजू मांडते.

आमच्याकडे एक डोळस मुख्याध्यापिका होत्या. ब्रेल बोटांनी वाचायच्या, डोळ्यांनी नाही. मुलांच्या वह्या रात्री दिवा न लावता तपासायच्या. पाटीवर लेखणीनं उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटून वाचायचं, हे नव्या शिक्षकाला जमेपर्यंत त्या वर्ग देत नसत. त्या होत्या तोवर गणिताला आमची मुलं टेलर फ्रेमवर, म्हणजे अंधांच्या गणिताच्या पाटीवर, झराझरा उदाहरणं सोडवायची. त्या निवृत्त झाल्या आणि त्या जागेवर कोण आलं? कुणीच नाही. दुसऱ्या खात्यातल्या साहेबांकडे "अतिरिक्त प्रभार" गेला. ते सहीपुरते यायचे.

ताई, खरं दुखणं हे आहे. अंध की डोळस हा प्रश्न माणूस नेमल्यावर येतो ना! आधी पूर्णवेळ माणूस तर मिळू दे. आणि जर्निगन यांच्याबद्दल हेही लिहा की त्याच काळात ते अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचेही अध्यक्ष होते. दोन्ही सूत्रं एकाच हातात, त्यावरून शेवटी शेवटी वर्तमानपत्रांनी बरीच टीका केली. १९७८ मध्ये त्यांनी पद सोडलं. अंध प्रमुखालाही हिशेब विचारणारं कुणीतरी लागतंच.

---

ऑपरेटर_काका

बाई, अतिरिक्त प्रभाराचं अगदी मान्य. तो मुद्दा पहिला घ्या. हिशेबाचंही मान्य.

पण एक गोष्ट सोडू नका. अंध माणसाला त्या खुर्चीपर्यंत पोचूच दिलं जात नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याच मध्य प्रदेशात न्यायिक सेवेच्या नियमात ६-अ म्हणून कलम होतं, त्यानं दृष्टिहीनांना न्यायाधीश होण्याची दारंच बंद होती. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयानं त्यावरूनच प्रकरण हाती घेतलं आणि ३ मार्च २०२५ ला तो नियम रद्द केला. एका आईचं पत्र, ताई. तेव्हा तुमच्या निवेदनाला कमी समजू नका.

आणि क्षमतेचं म्हणाल तर आपल्या उल्हासनगरच्या दृष्टिहीन प्रांजल पाटील २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. झारखंडात राजेश सिंह, तेही दृष्टिहीन, २०२० मध्ये बोकारोचे उपायुक्त झाले, म्हणजे आख्खा जिल्हा त्यांच्याकडे. जिल्हा चालवता येतो, मग अंधांचं प्रशिक्षण केंद्र का नाही चालवता येणार?

---

ग्वाल्हेरकर

थोडक्यात सांगतो. निवेदनाआधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. विचारा: गेल्या दहा वर्षांत या पदावर कोण होतं, किती काळ, त्यातला किती काळ अतिरिक्त प्रभार होता, प्रत्येकाचा पुनर्वसनातला अनुभव काय नोंदलाय. कलम ७९ मध्येच आयुक्ताच्या मदतीला जास्तीत जास्त पाच तज्ज्ञांची सल्लागार समिती सांगितली आहे. ती आहे का, त्यात अंध व्यक्ती किती, शेवटची बैठक कधी झाली, हेही विचारा. उत्तराचा कागद जोडलेलं निवेदन टाळणं अवघड जातं.

---

रामबागची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हा धागा भावाला त्याच्या फोनवर ऐकवला, बाबाही बाजूला बसले होते. अतिरिक्त प्रभाराचा मुद्दा आला तेव्हा बाबा म्हणाले, हा तर मीच सांगत होतो. डोळ्यांना पट्टी बांधून शिकणाऱ्या कर्मचाऱ्यांचं भावाला इतकं पटलं की ते निवेदनात हवंच म्हणतोय.

मसुदा सध्या असा आहे: पद पूर्णवेळ भरावं. जाहिरातीत दृष्टीसंबंधी कोणतीही आडकाठी नसावी आणि अंध उमेदवारांनी अर्ज करावा असं स्पष्ट लिहावं. निवडसमितीत अंध व्यक्ती असावी. नेमणूक झालेल्या डोळस अधिकाऱ्यानं आणि कर्मचाऱ्यांनी ब्रेल, स्क्रीन रीडर आणि काठीनं चालणं हे डोळे बांधून शिकावं. कार्यालयाचं प्रत्येक पत्र वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात यावं, फोटो नको. काही राहिलं का?

---

ऑपरेटर_काका

एक राहिलं. प्रमुखाला आर्थिक अधिकार द्या असं लिहा. अंध माणूस खुर्चीत बसवायचा आणि चेकवर सही दुसऱ्याची, असं मी पाहिलंय. बाकी चोख.

---

रामबागची_ताई

घातलं. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. निवेदनाची एक प्रत मंगळवारी जनसुनवाईत कलेक्टर कार्यालयातही देणार आहोत. इंदूरचे कुणी येणार असाल तर मला निरोप टाका. मसुदा मजकूर म्हणून पाठवते, सगळ्यांना वाचता येईल.