'राजकीय प्राणी' की 'समाजशील प्राणी'?

शाईपेन:
आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटासाठी अ‍ॅरिस्टॉटलची दहा-बारा पानं इंग्रजीवरून मराठीत करते आहे. एका वाक्यापाशी गाडं अडलंय. मी लिहिलं, 'माणूस हा स्वभावतःच राजकीय प्राणी आहे.' मुद्रितं तपासणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी 'राजकीय'वर लाल रेघ मारून वर 'समाजशील' लिहिलं आणि समासात टीप दिली : 'नागरिकशास्त्रात आपण असंच शिकवतो.' खरंच आहे, शाळेत सगळ्यांनी तेच घोकलंय.

पण मग पुढचा परिच्छेदच उभा राहत नाही. तो म्हणतो, मधमाश्या आणि कळपाने राहणारी जनावरंही एकत्र नांदतात, पण माणूस त्यांच्याहून जास्त 'तसा' आहे, कारण त्याला वाणी आहे. दुखलं-खुपलं तर जनावरही ओरडतं. न्याय काय नि अन्याय काय, हे माणूसच बोलू शकतो. समाजशील तर मुंगीही असते. बाईंचंही चूक नाही. 'राजकीय प्राणी' वाचलं की मुलांच्या डोळ्यांपुढे फ्लेक्सवरचा हात जोडलेला माणूस येणार. काय घालू? सोमवारी मुद्रितं परत द्यायची आहेत.

जुनी वही:
ताई, खोट 'राज'मध्ये आहे. राजकीय म्हणजे राजाचं. अ‍ॅरिस्टॉटलचा मूळ शब्द 'पोलिस'वरून आलाय. ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर, तिथे राजा असायलाच हवा असं नाही. (आपल्या ठाण्यातला पोलीसही त्याच शब्दाच्या वंशातला.) भाषाशास्त्रज्ञ 'पोलिस' आणि संस्कृत 'पुर्' (नगर) यांचं मूळ एकच मानतात. मग सरळ 'पौर प्राणी' करा. सावरकरांनी मेयरला 'महापौर' शब्द दिला, आज तो रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे.

आणि 'समाजशील'चं खापर पाठ्यपुस्तकावर फोडू नका. लॅटिनमध्ये नेताना सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने आधीच 'सामाजिक प्राणी' करून टाकलं होतं. पुढे मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने 'सामाजिक आणि राजकीय' अशी जोडी लावली.

घाटमाथा:
'महापौर' रुजला कारण त्या नावाचं पद होतं, दारावर पाटी होती, गाडी होती. 'पौर'ला यातलं काय आहे? मुलं शब्दकोश उघडतील, तोवर वाक्य निघून गेलेलं असेल.

माझ्या मते 'राजकारण' हा शब्द टाकायचा नाही, धुऊन घ्यायचा. दासबोधात 'मुख्य हरिकथा निरूपण । दुसरें तें राजकारण' असं आहे. हरिकथेच्या खालोखाल मान! 'कारण' म्हणजे इथे काम, कार्य. आपण अजून म्हणतोच की, देह कारणी लागला, पैसा सत्कारणी लागला. राज कारणी लावायचं ते राजकारण, अशी माझी समजूत आहे. त्यावरून आपण अर्थकारण, समाजकारण, सत्ताकारण असे शब्द पाडले. हिंदीत 'राजनीति' आहे; मराठीतलं हे 'कारण' तिथे नाही.

जुनी वही:
व्युत्पत्ती गोड आहे, पण अर्धीच. पेशवाईतली पत्रं वाचा. तिथे 'राजकारण' म्हणजे बहुतेक वेळा संधान, खलबत, आतून चाललेली बोलणी. शब्द काही आजच मळलेला नाही, तेव्हाच मळला होता.

खरा घोळ एकोणिसाव्या शतकात झाला. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, हा वाद आपल्याच पुण्यात पेटला. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरायची रीत होती. 1895 च्या पुण्याच्या अधिवेशनात त्याला इतका विरोध झाला की रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. मंडप वेगळे झाले तसे शब्दही वेगळे झाले. 'ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण' ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. समाजाचं ते चांगलं, राजाचं ते वाईट. ग्रीकांच्या एका शब्दाचे मराठीत दोन तुकडे झाले, म्हणून ताईंचं वाक्य अडलं.

घाटमाथा:
हे पटलं. मग दोन्ही तुकडे अजून जिथे एकत्र आहेत तो शब्द घ्या : गावकी. भावकी म्हणजे कुळातलं, गावकी म्हणजे सगळ्यांचं. विहिरीचा गाळ, जत्रा, बांधाचं भांडण, पाणंद. माझ्या वडिलांना आई वैतागून म्हणायची, 'गावकी करत फिरता, घरचं कोण बघणार?' अ‍ॅरिस्टॉटलही हेच सांगतोय, की घराच्या पलीकडे जाऊन जो बोलतो तो माणूस.

आज त्याचं काय झालंय तेही सांगतो. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला कमी आकडा भरला की कोरम होतो. आमच्याकडे तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्यांना येतो. मी स्वतः म्हैस सोडता सोडता सही केली आहे. अंगठ्याला शेण होतं, ते त्या पानाला लागलं. कशावर सही केली, हे वाचलं नाही. याची लाज वाटते.

मांडवीकाठ:
गोव्यात हाच शब्द 'गांवकारी' होऊन संस्था म्हणून टिकला. गावची जमीन, बांध, खाजन शेती (खारं पाणी बांधाने अडवून केलेली) आणि देवळाचा खर्च गांवकार मिळून बघत. पोर्तुगीज आले तेव्हा ती व्यवस्था आधीपासून होती. 1526 मध्ये त्यांनी तिच्या रीतीभाती लिहून काढल्या आणि पुढे तिला 'कोमुनिदाद' म्हणू लागले.

माझा आवडता शब्द मात्र 'कौल'. 16 जानेवारी 1967 ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हे गोव्याने मतदानाने ठरवलं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानं जिंकली. तो 'जनमत कौल'. आमची आजी देवापुढे प्रसाद लावून कौल घ्यायची, त्यामुळे हा शब्द तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

जुनी वही:
कौल अरबी आहे. तहकूबही परकाच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी, की कारभाराची भाषा आपली असावी. 'आमदार', 'खासदार'ही याच कारणासाठी मला बोचतात. हिंदीने विधायक, सांसद केलं. आपण दरबारातले आम आणि खास धरून बसलो.

मांडवीकाठ:
ज्या शब्दाने देवाशी बोलता येतं तो परका कसा?

उंबरठा:
शब्द अरबी की संस्कृत, हे नंतर बघू. 'गावकी' मला चालणार नाही. आमचे आजोबा येसकर होते, गावचे राखणदार नि निरोप्ये. गावकी चावडीवर बसायची आणि ते पायरीच्या खाली उभे असायचे. निरोप पोचवायचा, दवंडी द्यायची, मत द्यायचं नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या कौतुकावर कडक टीका केली, ती उगाच नव्हे. गांवकारीतही गावात राहणारा प्रत्येक जण गांवकार नव्हता.

मतपेटी आली ती 'राजकीय' या शब्दाबरोबर आली. त्याच सभागृहात 25 नोव्हेंबर 1949 ला त्यांनी बजावलं, की राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील. त्या भाषणातून 'राजकीय' काढून बघा, काय उरतं?

गेल्या वर्षी ग्रामसभेत मी उठून विचारलं, पाइपलाइन आमच्या वस्तीच्या अलीकडे, पिंपळापाशी का थांबली? उत्तर मिळालं, 'ताई, विकासाच्या कामात राजकारण आणू नका.' पाइप पिंपळापर्यंतच न्यायचा हे ज्या दिवशी ठरलं, त्याच दिवशी राजकारण झालं होतं. मी फक्त तोंड उघडलं. म्हणून शाईपेन, तुम्ही 'राजकीय प्राणी'च ठेवा आणि मुलं हसली तर त्यांना तो वाणीचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा.

शाईपेन:
उंबरठाताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. 'राजकीय'कडे कल झुकतोय. पण बाईंना हे कसं सांगू, ते कळत नाही. पाइप पुढे गेला का?

उंबरठा:
नाही. अर्ज दिलाय.

घाटमाथा:
ताई, पायरीचं मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आमच्या चावडीलाही पायऱ्या आहेत. 'गावकी' मागे घेतो.

जुनी वही:
मागे घेऊ नका, जपून ठेवा. शब्दाचा इतिहास त्याच्यासोबतच जायला हवा. पण 'येसकर' हा शब्द 'वेस'वरून ना? वेसकर, येसकर?

मांडवीकाठ:
आमच्याकडे वेस म्हणत नाहीत. कोकणात कुणी म्हणतं का?