पेटका नव्हे, मग काय? : डिस्टोनियासाठी मराठी शब्द

शाईडाग : एका दिवाळी अंकासाठी लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकावर लिहितोय. १९६४ च्या सुमारास, ऐन छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका वाजवताना तळव्याकडे वळायला लागली. मग कित्येक वर्षं गडी एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत आणि शिकवत राहिला. १९९० च्या दशकात स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची इंजेक्शनं घेऊन पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला. आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया, म्हणजे शरीराच्या एकाच भागातले स्नायू आपल्या मनाविरुद्ध आवळून वळणं. मी 'बोटांना पेटके येत' असं लिहिलं होतं. संपादकबाईंनी समासात लिहिलं, 'पेटका तीस वर्षं टिकतो?' बरोबर आहे त्यांचं. तर दुसरा शब्द सुचवा.

डग्गा : पेटका नाहीच. रात्री पोटरीत येतो तो पेटका, ब्रह्मांड आठवतं. इथे दुखत नाही, हीच तर पंचाईत. दुखलं असतं तर माणूस वेळेत थांबला असता. मी तबला शिकायचो तिथे एक जण होता. 'तिरकिट' ठाय लयीत मोत्यासारखं वाजवायचा. लय वाढली की मधलं बोट उचलायच्या ऐवजी पुडीला, म्हणजे तबल्याच्या चामड्याला, चिकटूनच राहायचं आणि बोल मुका पडायचा. त्याच हाताने सुई ओवायचा, मटार सोलायचा, काही अडचण नाही. आम्ही म्हणायचो 'बोट आखडलं'. उपाय एकच सांगितला जायचा, रियाज वाढव. त्याने वाढवला, दिवसाचे सहा तास. बोट आणखी बिघडलं.

शाईडाग : 'आखडणे' वापरू का मग?

डग्गा : नको. आखडलेलं बोट सगळ्याच कामांना आखडतं. मान आखडली की ती डावीकडेही वळत नाही नि उजवीकडेही. ह्याचं तसं नाही.

दुर्बोध : व्युत्पत्तीकडे बघा, शब्द घरातच आहे. 'डिस्टोनिया' हा शब्द वैद्यकात आणला हेरमान ओपनहाइम या जर्मन डॉक्टरांनी, १९११ साली. त्यातला ग्रीक 'डिस्' म्हणजे आपला 'दुस्', दुष्काळ-दुर्गंधीतला. 'टोनॉस' म्हणजे ताण, आणि ग्रीक टोनॉस, संस्कृत तान ही सख्खी भावंडं. मूळ एकच, तन् म्हणजे ताणणे. तंतूही त्यातलाच. मराठीत तर त्याचे दोन वारस आहेत : गवयाची 'तान' संस्कृतातून जशीच्या तशी आली, आणि बोलीत झिजून 'ताण' झाला. तेव्हा डिस्टोनिया म्हणजे अक्षरशः 'दुस्तान'. हिंदीत 'दुस्तानता' वापरतातच.

शाईडाग : व्युत्पत्ती झकास, पण 'दुस्तान' वाचल्यावर हिंदुस्तानचा पुढचा डबा गळून पडल्यासारखं वाटतं. आणि लेख संगीतावरचा! वाचक समजेल की फ्लायशरची तान बेसूर होती.

निमवैद्य : आयुर्वेदात 'विश्वाची' म्हणून एक वातव्याधी सांगितला आहे. बोटांकडे जाणाऱ्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) बिघडून हाताचं काम बंद पडतं असं त्याचं वर्णन. 'कर्मक्षयकरी' हे विशेषण मला फार आवडतं. पण तो शब्द इथे चिकटवू नका. विश्वाचीत हातच कामातून जातो. इथे हात धडधाकट असतो आणि नेमकं एकच काम जातं, ते सुद्धा ज्याचा सर्वांत जास्त सराव केला तेच.
गडबड मेंदूत असते. प्रत्येक बोटाचा मेंदूत आपापला पट्टा असतो. या लोकांमध्ये शेजारच्या बोटांचे पट्टे एकमेकांत घुसलेले आढळतात. शेताचा बांध कोरल्यासारखं. एक बोट हलवायला जावं तर शेजारचंही हलतं. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला हे होतं असं मानतात. काहींना हातात पातळ रबरी मोजा घातला की तेवढ्यापुरतं बरं वाजवता येतं, स्पर्श बदलतो ना. २०१७ साली बंगळुरूत एका गिटारवादकावर या आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो टेबलावर जागा राहून गिटार वाजवत होता. कुठलं बोट सुटलं ते डॉक्टरांना तिथल्या तिथे कळावं म्हणून.

टाक-दौत : मी वादक नाही, निवृत्त कारकून. मला लिहिताना हेच होतं, 'रायटर्स क्रॅम्प', म्हणून बोलतो. पेन कागदाला टेकलं की अंगठा आत दुमडतो आणि मनगट बाहेर फिरतं. खडूने फळ्यावर लिहितो ते सुरेख. चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँकेने दोनदा चेक परत केला, शेवटी अंगठा उठवला. तीस वर्षं इतरांचे अंगठे साक्षांकित केलेला माणूस मी.
हा आजार कारकुनांचा म्हणूनच आधी ओळखला गेला. रामात्सिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली एका नोटरीची हकिकत लिहिली आहे. उजवा हात गेला म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला, काही दिवसांनी डावाही त्याच वाटेने गेला. इंग्लंडमध्ये पिसाचं पेन जाऊन टाक आला त्या काळात, १८३० च्या आसपास, ही तक्रार पुष्कळ ऐकू येऊ लागली. पुढे तारबाबूंना झाली, ती १९०८ मध्ये तिथे नुकसानभरपाईच्या यादीत गेली. तरी 'मनाचे खेळ' हा शिक्का कितीतरी वर्षं पुसला नाही. लंडनच्या शीही आणि मार्सडेन या डॉक्टरांनी हा डिस्टोनियाच आहे असं मांडलं ते १९८२ साली. मलाही घरी 'टेन्शन घेऊ नकोस' हेच ऐकायला मिळालं. त्यामुळे 'ताण' असलेला कुठलाही शब्द कृपया नको.

शाईडाग : हे लक्षातच आलं नव्हतं. ताण बाद. 'त्याची बोटं फितूर झाली' असं केलं तर?

डग्गा : वाक्य टाळीचं आहे, पण फितुरी जाणूनबुजून करतात. बोट बिचारं सांगितलेलंच करायला बघतं.

टाक-दौत : मी डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, 'अंगठा परस्पर वळतो.' मला न विचारता, माझ्याच हातात. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही, पेन हातात दिलं आणि लिहायला लावलं.

दुर्बोध : 'परस्पर' उत्तम. संस्कृतात त्याचा अर्थ एकमेकांना. 'मालकाला वगळून' हा अर्थ खास मराठीचा.

शाईडाग : घेतला. नाम 'डिस्टोनिया'च ठेवतो, क्रियेला मराठी. वाक्य असं : 'पियानोवर हात ठेवला की त्याची करंगळी आणि अनामिका परस्पर आत वळत.' बाईंना पाठवलं. उत्तर आलं : 'परस्पर चालेल. अनामिका काढून मरंगळी करा.'