लिपी हा अडसर नाहीच

इथिओपियातली अम्हारिक भाषा फिदेल लिपीत लिहितात. 'ही लिपी एकदा शिकली की अम्हारिक इंडोनेशियनइतकीच सोपी' असं मत मांडलं जातं, ते मला पटलं नाही. लिपी आपल्याला जड जात नाही. 33 मूळ अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं, म्हणजे एक प्रकारची बाराखडीच. अडतं ते लिपी जे दाखवत नाही तिथे. द्वित्त (दुहेरी व्यंजन) लिहिलंच जात नाही: 'गना' (अजून) आणि 'गन्ना' (नाताळ) अगदी सारखेच दिसतात.

खरा फरक शब्द घडण्यात आहे. अम्हारिकमध्ये स-ब-र ही तीन व्यंजनं म्हणजे 'मोडणे'. सब्बर (त्याने मोडलं, शेवटचा अ पूर्ण उच्चारायचा), यिसब्राल (तो मोडतो), मस्बर (मोडणे). भूतकाळात ब दुहेरी, वर्तमानात एकेरी. शब्दकोशात 'सब्बर' या भूतकाळी रूपाखालीच शोधा.

इंडोनेशियनमध्ये धातू आतून हलत नाही, पुढेमागे जोड लागतात: तुलिस, मनुलिस (लिहिणे), दितुलिस (लिहिलं जाणे), तुलिसान (लिखाण). नवशिके इथेच फसतात, कारण 'म-' लागताना सुरुवातीचे क, त, प, स गळतात. शब्दकोशात मनुलिस शोधायचा तर 'त'खाली (तुलिस), ममुकुल (मारणे) 'प'खाली (पुकुल). पण ममबाचा (वाचणे) मधला ब टिकतो. काळासाठी क्रियापद बदलत नाही, सुदाह (झालेलं), अकान (होणार) असे शब्द पुढे येतात.

वाक्यरचनेत मात्र अम्हारिक आपली वाटते, क्रियापद शेवटी. उलट इंडोनेशियनमधले 'किता' आणि 'कामी' मराठी माणसाला समजवावंच लागत नाही: आपण आणि आम्ही!