मदत हवी आहे: पोस्टग्रेसमधलं स्टॉकचं टेबल फुगतंय आणि दुपारनंतर बिलिंग अडकतं

प्रिन्सेस_स्ट्रीटवाली

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही, हे आधीच सांगते. औषधांच्या घाऊक पेढीत हिशेब माझ्याकडे आणि "कॉम्प्युटरचं काय ते तूच बघ" हेही माझ्याकडेच. बिलिंगचं सॉफ्टवेअर ओळखीच्या एका डेव्हलपरने खास बनवून दिलंय. आधी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर होतं, आता पोस्टग्रेस १४ या डेटाबेसवर आहे. ऑपरेटिंग सिस्टिम उबंटू १८.०४, १६ जीबी रॅम, एसएसडी. सर्व्हर पोटमाळ्यावर, त्याला डझनभर पीसी जोडलेले.

दुखणं असं आहे. सकाळी बिल टाकलं की लगेच छापून येतं. दुपारी उपनगरांतल्या केमिस्टांच्या ऑर्डरी एकदम येऊन आदळतात, आणि नेमकं तेव्हाच बॅच निवडली की स्क्रीनवर गोल फिरत राहतं. डिलिव्हरीची पोरं पिशव्या घेऊन दारात ताटकळतात. पोस्टग्रेस रीस्टार्ट केलं की थोड्या वेळाने सगळं सुरळीत होतं.

दुसरं म्हणजे, स्टॉकच्या टेबलात तीन लाखांच्या आसपासच ओळी आहेत, पण डिस्कवर इंडेक्ससकट (ओळी पटकन शोधायच्या सूच्या) ते ३ जीबीच्या वर गेलंय. एक्सपायरी झालेल्या जुन्या बॅचेस डिलीट केल्या, तरी आकार तसूभर कमी झाला नाही.

डेव्हलपरचं म्हणणं, पोस्टग्रेसच जड आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर जाऊ नाहीतर नवा सर्व्हर घ्या. शेठ सर्व्हरला तयार आहेत. पण पैसे घालूनही रड तीच राहिली तर बोलणी मला बसणार. तेव्हा रोज पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी सांगा, दोष खरंच त्याचा आहे का?

जाता जाता अजून एक. पार्ट्यांची नावं आम्ही मराठीत ठेवतो. यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात. ते जागेवर कसे आणायचे?

बोरिवली_स्लो

मायएसक्यूएल घ्या नि सुटा. आमच्या ऑफिसात इतकी वर्षं चालतंय, व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची सफाई) हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही.

तिसऱ्या_मजल्यावरून

बोरिवलीकर, जरा दम धरा. अजून एक आकडा हातात नाही आणि तुम्ही घर बदलायला निघालात.

ताई, पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट केली की जुनी ओळ पुसली जात नाही. हिशेबाच्या चोपडीत जुन्या नोंदीवर रेघ मारून खाली नवी नोंद करतात, तसा प्रकार. कारण त्याच क्षणी दुसऱ्या पीसीवर कुणी जुना आकडा वाचत असेल तर त्याचं वाचन संपेपर्यंत त्याला तोच दिसायला हवा. डिलीटचंही तसंच. तुमच्याकडे बिलाच्या प्रत्येक ओळीमागे स्टॉकचा आकडा बदलतो, म्हणजे प्रत्येक वेळी एक मेलेली ओळ मागे राहते.

ती साफ करायला ऑटोव्हॅक्यूम असतं. सेटिंग हलवलं नसेल तर मेलेल्या ओळी टेबलाच्या २० टक्के अधिक ५० झाल्या की ते कामाला लागतं. तुमच्या टेबलात हा आकडा साधारण ६० हजार. त्या हिशेबाने टेबल ३ जीबीपर्यंत जायलाच नको. म्हणजे एक तर ऑटोव्हॅक्यूम बंद आहे, नाहीतर ते येतं आणि रिकाम्या हाताने परत जातं.

रीस्टार्टने बरं वाटतं, ही तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ आहे. दुपारी मंदावलं असताना पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_युझर_टेबल्स या आकडेवारीतून स्टॉकच्या टेबलाचे एन_लाइव्ह_टप, एन_डेड_टप आणि लास्ट_ऑटोव्हॅक्यूम हे तीन रकाने काढून इथे टाका.

प्रिन्सेस_स्ट्रीटवाली

आत्ताच काढले. जिवंत ओळी ३ लाख १० हजार, मेलेल्या ४२ लाख. लास्ट_ऑटोव्हॅक्यूम दोन मिनिटांपूर्वीचं. मघाशी पाहिलं तेव्हाही असंच ताजं होतं. डेव्हलपर फोनवर म्हणाला, "बघा, ते सतत चालतंय म्हणूनच स्लो आहे. बंद करून टाका."

तिसऱ्या_मजल्यावरून

बंद अजिबात करू नका. तो उलट वाचतोय. ऑटोव्हॅक्यूम पुन्हापुन्हा येतंय, कारण त्याला मेलेल्या ओळी दिसताहेत पण काढायची परवानगी नाही. कुठलं तरी जुनं ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारं काम) उघडं आहे. ते जिथून सुरू झालं त्यानंतर मेलेली प्रत्येक ओळ त्याला कदाचित लागेल म्हणून पोस्टग्रेस राखून ठेवतं, मग ती कुठल्याही टेबलातली असो. इंडेक्समधूनही एका बॅचच्या शेकडो जुन्या आवृत्त्या चाळाव्या लागतात, म्हणून गोल फिरतं. रीस्टार्ट केलं की ते ट्रान्झॅक्शन मरतं, पुढच्या फेरीत सफाई होते.

आता पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (सध्याच्या कनेक्शनांची यादी) बघा. स्टेटच्या रकान्यात "आयडल इन ट्रान्झॅक्शन" असलेले शोधा आणि एक्सॲक्ट_स्टार्ट (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) या रकान्याप्रमाणे लावा, सगळ्यात जुना वर. पण नुसतं आयडल दिसलं म्हणून धरू नका. नेहमीच्या रीड कमिटेड पद्धतीत एखादं सिलेक्ट (वाचन) संपलं की त्याचा स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं धरून ठेवलेलं चित्र) सुटतो, तो गडी निरुपद्रवी असू शकतो. ज्याच्या बॅकएंड_एक्समिन किंवा बॅकएंड_एक्सआयडी रकान्यात काहीतरी भरलेलं आहे, तो आपला माणूस. क्लायंट_अ‍ॅड्रवरून पीसी कळेल.

तिथे कुणी सापडलं नाही तर बेवारस रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवण्यासाठी राखलेली नोंद), अर्धवट राहिलेलं प्रिपेअर्ड (दोन टप्प्यांत पुरं होणारं) ट्रान्झॅक्शन किंवा रेंगाळलेलं पीजी_डंप (बॅकअप), या तीन ठिकाणी बघा.

पेन्शनीत_डीबीए

छान चाललंय. थोडा इतिहास सांगतो, म्हाताऱ्याला माफ करा. जुनी ओळ जागेवर न पुसण्याची ही मांडणी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पोस्टग्रेस प्रकल्पापासूनची. मायकेल स्टोनब्रेकर यांनी तो १९८६ साली सुरू केला, तेव्हा "मागच्या महिन्यात हा आकडा किती होता" असं थेट डेटाबेसला विचारता यावं हाही त्यात विचार होता. पुढे ती सोय काढून टाकली, मांडणी तीच राहिली.

आणि बोरिवलीकर, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनातही जुन्या आवृत्त्या ठेवतातच. फक्त टेबलात न ठेवता अनडू लॉग नावाच्या वेगळ्या जागेत ठेवतात, आणि पर्ज नावाची सफाई मागे गुपचूप चालते. तिथेही कुणी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून जेवायला गेलं की अनडू फुगतो. ताईंचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं तिकडे नेलं तर दुखणंही बरोबर जाईल.

बोरिवली_स्लो

काका, मान्य. पर्जबद्दल माहीत नव्हतं. उद्या आमच्याकडे बघतो.

प्रिन्सेस_स्ट्रीटवाली

सापडला! आतल्या खोलीतला पीसी, सकाळी दुकान उघडल्यापासूनचं ट्रान्झॅक्शन, बॅकएंड_एक्समिन भरलेलं. त्या पीसीवर आमच्या अकाउंटंट बाई "स्टॉक स्टेटमेंट" उघडून ठेवतात आणि दिवसभर वरखाली सरकवत बसतात. स्क्रीन बंद करायला लावली, आणि पुढच्या ऑटोव्हॅक्यूमनंतर मेलेल्या ओळी दोन हजारांवर आल्या. बिलं परत पटापट निघाली. फाइलचा आकार मात्र तेवढाच. आता?

तिसऱ्या_मजल्यावरून

ती स्क्रीन नक्की कर्सर (निकाल टप्प्याटप्प्याने वाचायची सोय) उघडून थोड्या थोड्या ओळी आणत असणार. कर्सर उघडा असेतोवर स्नॅपशॉट धरलेला. डेव्हलपरला सांगा, रिपोर्ट एकदाच वाचून कमिट करा, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपवा, आणि पानं पाडायचीच तर प्रत्येक पानाला वेगळी क्वेरी टाका. खरा उपाय हाच. बाकीचं खबरदारी म्हणून:

आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १० मिनिटांवर ठेवा. हे ९.६ पासून आहे, पण मुळात शून्य म्हणजे बंद असतं. तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं टाकून गप्प बसणाऱ्याचं कनेक्शन सर्व्हर तोडतो.

स्टॉकच्या टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (वर सांगितलेले २० टक्के) ०.२ वरून ०.०२ करा. फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं) ८५ च्या आसपास ठेवा, म्हणजे टेबलाच्या फाइलीतल्या प्रत्येक पानात नव्या आवृत्तीला जागा राहील. शिल्लक नगाच्या रकान्यावर इंडेक्स असेल आणि तो कुणी वापरत नसेल तर काढून टाका. इंडेक्समधला रकाना बदलत नसेल आणि त्याच पानात जागा असेल, तर अपडेटमुळे इंडेक्सात नवी नोंद होत नाही. तुमच्यासारख्या टेबलाला यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आकाराचं असं, साधं व्हॅक्यूम जागा मोकळी करतं ती त्याच टेबलाच्या पुढच्या वापरासाठी. फाइलच्या शेवटाकडची रिकामी पानं सोडली तर ऑपरेटिंग सिस्टिमला काही परत देत नाही. आकार खरंच उतरवायचा असेल तर व्हॅक्यूम फुल. त्यात टेबल नव्याने लिहिलं जातं, इंडेक्सही नवे बनतात. पण तोवर त्या टेबलाला कुलूप, साधं सिलेक्टसुद्धा थांबतं, आणि नव्या प्रतीपुरती जागा डिस्कवर लागते. म्हणून रविवारी, बॅकअप घेऊन. फिलफॅक्टर त्याच्या आधी लावा, म्हणजे नव्याने लिहिताना तो जुन्या ओळींनाही लागू होईल.

मुलुंडचा_मुलूख

धागा पळवतोय, क्षमस्व. आमच्याकडे बिल नंबर मधेच एखादा गळतो. जीएसटीसाठी तर क्रमांक सलग लागतात. हाही पोस्टग्रेसचाच खेळ का?

तिसऱ्या_मजल्यावरून

हो, पण तो मुद्दाम ठेवलेला. सिक्वेन्स या नंबर देणाऱ्या सोयीने दिलेला नंबर रोलबॅकने, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झाल्याने, परत येत नाही, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याचं बिल संपायची वाट बघत बसला असता. सर्व्हर धाडकन बंद पडला तर ३२ पर्यंतही उडी बसू शकते. आतल्या आयडीला सिक्वेन्स ठेवा. छापायच्या नंबरासाठी मालिकेगणिक एका ओळीचं काउंटर टेबल करा आणि बिल सेव्ह होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, अगदी शेवटी, ती ओळ अपडेट करून नंबर घ्या. पुढचं विचारायचं तर वेगळा धागा काढा.

पेन्शनीत_डीबीए

ताई, तुमच्या काळे-कासारांचं राहिलंच. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. ऑर्डर बायमध्ये (यादी क्रमाने लावायच्या आज्ञेत) नावापुढे एमआर-एक्स-आयसीयू हे कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) लावून बघा. आयसीयू या युनिकोड लायब्ररीची सोय पोस्टग्रेस १० पासून आहे. पटलं तर रकान्यालाच लावून टाका.

यावरून एक महत्त्वाचं. तुम्ही उबंटू १८.०४ वर आहात. २०.०४ किंवा पुढे जाल तेव्हा मधे जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती ओलांडली जाते आणि तिच्यात अक्षरांचा क्रम बदललाय. मजकुराच्या रकान्यांवरचे जुने इंडेक्स जुन्याच क्रमाने लावलेले राहतात. मग नाव समोर दिसतं पण शोधलं की सापडत नाही, युनिक असूनही दोनदा पडतं. अपग्रेडनंतर कुणालाही लॉगिन करू देण्याआधी रीइंडेक्स चालवा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधले जातील. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच ठेवली तरीसुद्धा.

प्रिन्सेस_स्ट्रीटवाली

रविवारी व्हॅक्यूम फुल केलं. टेबल इंडेक्ससकट १२० एमबीवर आलं. सर्व्हरची खरेदी शेठनी तूर्त थांबवलीय. कोलेशनने काळे कासारांच्या खाली गेले. रिपोर्टची स्क्रीन बदलायला डेव्हलपर तयार झाला, पण म्हणतो महिनाअखेरीनंतर.

तोवर एक नवी कटकट. टाइमआउटमुळे अकाउंटंट बाई जेवून परत आल्या की स्टेटमेंटवर लाल एरर आणि सगळं पहिल्यापासून. सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीयेत. फक्त त्यांच्यापुरता वेळ वाढवता येतो का?

तिसऱ्या_मजल्यावरून

येतो. त्यांचं डेटाबेसचं लॉगिन वेगळं असेल तर ऑल्टर रोल या आज्ञेने त्या रोलपुरता (लॉगिनपुरता) टाइमआउट ४५ मिनिटं करा. नव्या कनेक्शनपासून लागू होईल, म्हणून त्यांना एकदा सॉफ्टवेअर बंद करून उघडायला सांगा. सगळे एकाच लॉगिनने घुसत असतील तर आधी डेव्हलपरकडून लॉगिन वेगळी करून घ्या. ४५ च्या वर मात्र जाऊ नका, दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आत ते ट्रान्झॅक्शन सुटलं पाहिजे.